वाचकांचे प्रश्न : वर्गातला आठवडा

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेतून आल्यावर "आज काय शिकवलं?" असे विचारले की तिचे उत्तर ठरलेले असते, "काही नाही." मागच्या आठवड्यात तिच्या गणिताच्या वहीत वजाबाकीची अवघी सात उदाहरणे होती आणि त्यांतली दोन चुकलेली होती. दुसऱ्या तुकडीतील मुलांच्या वह्या मात्र पानेच्या पाने भरलेल्या असतात. आमच्या मुलीच्या वर्गात खरोखर काही शिकवले जाते का? – एक आई

उत्तर : आपली काळजी मला समजते, कारण वर्गात काय चालते याची पालकांच्या हाती येणारी खूण म्हणजे वहीच असते. तरीही वजाबाकीचा आठवडा वर्गात कसा जातो हे एकदा पाहावे, म्हणजे त्या सात उदाहरणांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहाल.

६३ वजा २८ हे उदाहरण घेऊ. या वयाची अनेक मुले त्याचे उत्तर ४५ असे लिहितात. हा निष्काळजीपणा नसतो. तीनमधून आठ जात नाहीत, म्हणून मूल आठमधून तीन काढते आणि मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा हा स्वतःच बनवलेला नियम इमानाने पाळते. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणे सोडवायला दिली तर ते तोच चुकीचा नियम वीस वेळा गिरवील. म्हणून चांगली शिक्षिका आठवड्याच्या सुरुवातीला वही बाजूला ठेवायला सांगते आणि मुलांच्या हाती काड्या देते : दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. आठ काड्या काढायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. मग पाच गठ्ठे आणि तेरा सुट्या काड्या उरतात, हे मूल डोळ्यांनी पाहते आणि दशक सुटा करणे म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना आधी कळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काड्यांऐवजी चित्रे येतात आणि त्यानंतर अंकांची उभी मांडणी येते. एखाद्या दिवशी शिक्षिका मुद्दाम ४५ हे उत्तर फळ्यावर लिहिते आणि "हे बरोबर आहे का, आणि नसेल तर ते कशावरून?" एवढेच विचारते. त्या चर्चेत अर्धा तास जातो, पण वहीत एक ओळही उमटत नाही.

येथे मराठीची एक अडचणही लक्षात घ्यावी. "त्रेसष्ट" म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, त्यामुळे काही मुले ३६ लिहून मोकळी होतात. "एकोणसाठ" या शब्दात तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नास आणि नऊ. आपल्या मुलीची जी दोन उदाहरणे चुकली, त्यांत चूक वजाबाकीची आहे की ऐकलेली संख्या लिहिण्याची, हे आपण जरूर पाहावे, कारण या दोन चुकांवरचे उपाय अगदी निराळे आहेत.

आता "काही नाही" या उत्तराविषयी. मोठ्यांना दिवस विषयवार आठवतो, तर आठ वर्षांच्या मुलीला तो प्रसंगांनी आठवतो. सहा तासांचे सार एका वाक्यात सांग, असे कोणी आपल्याला म्हटले तर आपणही अडखळू. त्याऐवजी "आज वर्गात कोणत्या उत्तरावर मुलांचे पटले नाही?" किंवा "गठ्ठा सोडून वजाबाकी कशी करतात ते मला दाखव" असे विचारून पाहावे. ती काड्या मांडून आपल्याला समजावू शकली, तर वर्गात शिकवले जात आहे, याविषयी शंका ठेवू नये. तीन-चार आठवड्यांनंतरही ती अडखळत असेल, तर मात्र शिक्षिकेला भेटावे आणि वहीची पाने मोजून दाखवण्याऐवजी ती कोठे अडते हे सांगावे. भरलेल्या वह्यांतला बराचसा मजकूर फळ्यावरून उतरवलेला असतो. त्याने अक्षर सुधारते, पण त्यावरून समज मोजता येत नाही.

प्रश्न : मी यंदाच शिक्षिका म्हणून रुजू झाले आहे. शुक्रवारी अख्खा वर्ग उत्तरे देतो आणि सोमवारी तोच प्रश्न विचारला तर निम्मी मुले गप्प बसतात. माझे शिकवणे कमी पडते का? – एक नवोदित शिक्षिका

उत्तर : ताई, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला येतो आणि पहिल्या वर्षी तो मनाला फार लागतो. विसरणे हा स्मृतीचा स्वभाव आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ केल्या, तेव्हा एका दिवसानंतर तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळच्या श्रमांपैकी फक्त एकतृतीयांश श्रम वाचतात, असे त्याला आढळले. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने पुसला जात नाही, परंतु विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, ही गोष्ट वर्गातही दिसते. त्याच प्रयोगांतली दुसरी नोंद आपल्या अधिक कामाची आहे : एका दिवसात सलग केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले.

याचा अर्थ आठवड्याच्या आखणीतच परत येण्याची जागा हवी. सोमवारी नवा पाठ उघडण्यापूर्वी दहा मिनिटे ठेवावीत, पुस्तके मिटलेली असावीत आणि पाटीवर किंवा कागदावर चार प्रश्न लिहायला द्यावेत : दोन गेल्या आठवड्याचे, एक गेल्या महिन्याचा आणि एक शुक्रवारच्याच पाठाशी जोडलेला, असे काहीसे. गुण देऊ नयेत, कारण गुण आले की मुले आठवण्याऐवजी शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहू लागतात. आठवण्याचा प्रयत्न करणे हेच येथे शिकणे असते. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचलेले आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. ते विद्यार्थी वयाने मोठे होते हे खरे. पण मी जेव्हा जेव्हा "वाचा" ऐवजी "आठवा" म्हटले, तेव्हा लहान वर्गातही मला हाच फरक दिसला.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रातून जाणवली म्हणून लिहिते. निम्मी मुले गप्प बसतात असे आपण म्हणता, तर प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबता? मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे तिला आढळले. ही वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, उत्तरच न येण्याचे प्रसंग घटले आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण पस्तीस मुलांसमोर ती शांतता सहन करणे कठीण असते. मनातल्या मनात सावकाश तीनपर्यंत मोजावे. मी वर्षानुवर्षे तसेच करीत असे.

प्रश्न : नातवाला दर आठवड्याच्या श्रुतलेखनात दहापैकी दहा गुण मिळतात, आणि तोच निबंधात "मूलाला", "फूलावर" असे लिहितो. हा काय प्रकार आहे? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, आपण अचूक ठिकाणी बोट ठेवले आहे. श्रुतलेखनाचे दहा शब्द बहुधा आदल्या रात्री पाठ केलेले असतात आणि ते जसे छापले आहेत तसेच वहीत उमटतात. निबंधात मात्र शब्द विभक्तीचे प्रत्यय घेऊन येतात आणि तेथे पाठ केलेले रूप उपयोगी पडत नाही. "मूल" हा शब्द नातवाने नीट लक्षात ठेवला आहे, आणि म्हणूनच तो "मूलाला" असे लिहितो. त्याची चूक निष्ठेची आहे, हे त्याला आवर्जून सांगावे.

उपाय शब्दांच्या निवडीत आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दहा शब्द देण्याऐवजी एकाच नियमाने बांधलेल्या पाच जोड्या द्याव्यात : मूल–मुलाला, फूल–फुलावर, दूध–दुधात अशा. मग "गीत"चे "गिताला" होते का, अशी शंका मुले स्वतःच काढतात, आणि "गीत" हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असल्याने "गीताला" असाच राहतो, हे त्यांना त्या शंकेतूनच कळते. नियम आणि त्याला लागलेली मर्यादा एकाच आठवड्यात भेटल्या की त्या लक्षात राहतात. घरी आपण एवढे करावे : नुसते शब्द न सांगता त्या शब्दांची छोटी वाक्ये सांगावीत आणि चूक झाली तर लगेच न खोडता, "या ओळीत एक शब्द पुन्हा पाहा" एवढेच म्हणावे.

प्रश्न : मुलाच्या वर्गात आठवड्याला जबाबदाऱ्या वाटतात. कोणी फळा पुसतो, कोणी कुंड्यांना पाणी घालतो, कोणी वाचनकोपऱ्यातली पुस्तके मोजतो. अभ्यासाचा वेळ यात वाया जात नाही का? – एक वडील

उत्तर : दिवसाकाठी दहा मिनिटे जात असतील आणि ती सत्कारणी लागतात, असे माझे ठाम मत आहे. पुस्तके मोजणाऱ्या मुलाला सकाळी ४२ आणि सायंकाळी ३९ पुस्तके सापडली, की तीन पुस्तके कोणाकडे आहेत हे त्याला शोधावेच लागते. ती वजाबाकी त्याला कोणी घालून दिलेली नसते. शिवाय वर्गात क्वचितच हात वर करणाऱ्या मुलालाही त्या आठवड्यात रोज एकदा सर्वांसमोर उभे राहून हिशेब सांगावा लागतो. फक्त पाळी खरोखर प्रत्येकाची येते ना, फळा पुसण्याचे काम मुलींकडे आणि मोजदाद मुलांकडे अशी वाटणी होत नाही ना, हे पालकसभेत अवश्य विचारावे.