नवी दूधबाटली आणि ब्रेस्ट पंपाचे भाग वापरण्याआधी उकळावेच लागतात का? बाळ दीड महिन्याचं आहे, आम्ही सांगलीत राहतो.

हो, पहिल्या वापराआधी उकळाच, आणि बाळ इतकं लहान आहे तोवर रोज एकदा उकळत राहा. मी इथेच नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका आहे. प्रत्येक आईला हेच सांगते. पण उकळणं म्हणजे धुणं नव्हे. दुधाचा साय-थर बुचाच्या आट्यांत आणि पंपाच्या छोट्या रबरी झडपेत चिकटून राहतो आणि त्यात जंतू वाढतात. म्हणून प्रत्येक वापरानंतर सगळे भाग सुटे करून, वेगळ्या ब्रशने, साबण आणि गरम पाण्याने घासा. मग दिवसातून एकदा पातेल्यात पूर्ण बुडवून, पाण्याला उकळी आल्यावर 5 मिनिटं ठेवा. फडक्याने पुसू नका, स्वच्छ जाळीवर निथळून कोरडे होऊ द्या. पंपाची हवेची नळी आणि मोटर मात्र उकळायची नाही. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की नळाला गढूळ पाणी येतं. ते आधी गाळून, उकळून मगच भांडी धुवायला घ्या. बोअरच्या पाण्याने बाटलीवर पांढरा थर धरला तर घाबरू नका, तो क्षारांचा असतो.

बाळ दोन महिन्यांचं झालं, निरोगी असलं, तर नीट धुणं-वाळवणं पुरतं. अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत उकळणं थांबवू नका. आणि जमलं तर बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजा, ती स्वच्छ ठेवणं कितीतरी सोपं.