चार्ट आपोआप बदलायला हवा असेल तर आधी टेबलाकडे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये यंत्रांच्या उत्पादनाचं एक टेबल आहे, त्यात प्रत्येक महिन्याला एक फील्ड (स्तंभ) आहे, दर महिन्याला नवं फील्ड जोडून चार्ट हाताने पुन्हा मांडावा लागतो, आणि वेग वाढावा म्हणून जवळजवळ प्रत्येक फील्डवर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) टाकूनही फॉर्म उघडायला वेळ लागतो. तुम्ही चार्टचं सेटिंग विचारलं आहे, पण माझ्या मते चार्टमध्ये दोष नाहीच. टेबल नीट झालं की चार्टचं काम अगदी थोडं उरतं. म्हणून उत्तर टेबलापासून सुरू करतो.

महिना ही माहिती आहे. ती फील्डच्या नावात ठेवली की क्वेरीला (टेबलातून हवी ती माहिती काढणाऱ्या आज्ञेला) तिच्यावर अट घालता येत नाही, बेरीज करता येत नाही, क्रम लावता येत नाही. दोन टेबलं करा. एक यंत्रांचं: यंत्राचा आयडी, नाव, विभाग. दुसरं नोंदींचं: नोंदीचा आयडी, यंत्राचा आयडी, दिनांक, पाळी, नग. दिनांक फील्डचा प्रकार 'डेट/टाइम'च हवा. टेक्स्टमध्ये लिहिलेली तारीख अक्षरांच्या क्रमाने लागते आणि पुढे प्रत्येक ठिकाणी त्रास देते. नवा महिना आला की टेबलाची रुंदी वाढत नाही, फक्त खाली रेकॉर्ड वाढतात.

फील्डची नावं रोमन लिपीत ठेवा. टेबलात देवनागरी नावं चालतात, क्वेरीतही चालतात, पण व्हीबीएच्या (ॲक्सेसमध्ये कोड लिहिण्याच्या भाषेच्या) एडिटरमध्ये देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि तिथे तुमचं काम अडतं. मराठी नाव 'कॅप्शन' या प्रॉपर्टीत लिहा. फॉर्मवर आणि रिपोर्टवर तेच दिसेल.

आता इंडेक्स. एका टेबलावर जास्तीत जास्त ३२ इंडेक्स बसतात, आणि त्यात तुम्हाला न दिसणारेही मोजले जातात. दोन टेबलांमध्ये रिलेशनशिप (जोडणी) करून 'रेफरेन्शियल इंटिग्रिटी' (यंत्रांच्या टेबलात नसलेला आयडी नोंदीत येऊ न देणारा नियम) चालू केली की ॲक्सेस नोंदींच्या टेबलातल्या यंत्र-आयडीवर स्वतःच एक छुपा इंडेक्स तयार करतं. शिवाय ऑप्शन्समध्ये 'ऑब्जेक्ट डिझायनर्स'खाली 'ऑटो इंडेक्स ऑन इम्पोर्ट/क्रिएट' अशी एक चौकट आहे. तिथे ID, key, code, num ही अक्षरं आधीच भरलेली असतात, आणि ज्या फील्डच्या नावाची सुरुवात किंवा शेवट या अक्षरांनी होतो त्यावर न विचारता इंडेक्स बसतो. म्हणजे एकाच फील्डवर दोन-दोन इंडेक्स सहज होतात. ती चौकट रिकामी करा आणि इंडेक्स स्वतः ठरवा. प्रत्येक इंडेक्स नवी नोंद घालताना आणि जुनी बदलताना अद्ययावत करावा लागतो. त्याचा खर्च नोंद भरणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो.

तुमच्या नोंदींच्या टेबलाला मी एवढेच इंडेक्स देईन. नोंद-आयडीवर प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख). यंत्र-आयडी, दिनांक आणि पाळी या तिघांवर मिळून एक युनिक (पुनरावृत्ती होऊ न देणारा) इंडेक्स. आणि फक्त दिनांकावर एक. यंत्र-आयडीचा छुपा इंडेक्स रिलेशनशिपमधून मिळतोच.

तिघांचा इंडेक्स 'इंडेक्सेस'च्या खिडकीत करायचा: पहिल्या ओळीत नाव आणि पहिलं फील्ड, खालच्या दोन ओळींत नाव रिकामं ठेवून बाकीची फील्डं, आणि पहिल्या ओळीवर 'युनिक'ला 'येस'. याचा मोठा फायदा वेगापेक्षा वेगळा आहे. एका यंत्राची एका दिनांकाची एका पाळीची नोंद दोनदा पडूच शकत नाही, त्यामुळे चार्टमधला आकडा दुप्पट होण्याची एक वाट कायमची बंद होते. पण हा इंडेक्स यंत्र-आयडीने सुरू होतो. नुसत्या दिनांकाने शोधायचं असेल तर तो उपयोगी पडत नाही. आडनावाने लावलेल्या यादीत नुसत्या नावाने माणूस शोधण्यासारखं ते होतं. म्हणून दिनांकाचा इंडेक्स वेगळा हवा. तुमच्या चार्टची मुख्य अट दिनांकाचीच आहे.

इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही, हे फार वेळा घडतं. क्वेरीत 'इयर' फंक्शन दिनांकावर लावून वर्ष २०२४ अशी अट घातली की ॲक्सेसला प्रत्येक रेकॉर्डचं वर्ष काढून बघावं लागतं, इंडेक्स बाजूला पडतो. त्याऐवजी दिनांक १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतरचा आणि १ जानेवारी २०२५ च्या आधीचा, अशी सरळ फील्डवर अट घाला. 'बिट्वीन' (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत) ही अट टाळा: दिनांकासोबत वेळही साठवलेली असेल तर शेवटच्या दिवसाच्या नोंदी त्यातून गळतात. 'लाइक'चंही (शब्दाचा काही भाग देऊन शोधण्याच्या अटीचंही) असंच आहे. तारा-चिन्ह शब्दाच्या शेवटी असेल तर इंडेक्स कामाला येतो, सुरुवातीला असेल तर येत नाही. 'येस/नो' फील्डवरचे इंडेक्स काढून टाका, दोनच किमती असलेल्या फील्डवर त्याचा सहसा काही लाभ नाही.

चार्ट आपोआप बदलण्याचं मर्म एका अटीत आहे. सुरुवातीची तारीख 'डेटसीरिअल' फंक्शनने काढा: चालू वर्ष, चालू महिना उणे १२, दिवस १. शेवटची मर्यादा चालू वर्ष, चालू महिना, दिवस १, आणि दिनांक तिच्यापेक्षा लहान. महिना शून्य किंवा ऋण आला तरी हे फंक्शन बरोबर मागच्या वर्षात जातं. त्यामुळे पूर्ण झालेले १२ महिने कायम मिळतात आणि अट पुन्हा कधी बदलावी लागत नाही. चालू महिना मी मुद्दाम वगळतो. तो अर्धाच भरलेला असतो, चार्टची रेघ शेवटी खाली पडते आणि बघणाऱ्याला उत्पादन घसरल्यासारखं वाटतं.

या क्वेरीत महिन्यानुसार नगांची बेरीज घ्या. महिना दाखवायला नुसतं तीन अक्षरी नाव वापरलं तर क्रम इंग्रजी वर्णमालेने लागतो, एप्रिल आधी आणि मग ऑगस्ट. म्हणून महिन्याची पहिली तारीख हीच गटाची किंमत ठेवा, तीही 'डेटसीरिअल'नेच.

ज्या महिन्यात यंत्र बंद होतं तो महिना मात्र क्वेरीत येणारच नाही, आणि चार्ट आधीचा व नंतरचा महिना शेजारी शेजारी लावून मोकळा होईल. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. महिन्यांच्या पहिल्या तारखांचं एक छोटं टेबल करा आणि त्यावरून बेरजेच्या क्वेरीकडे 'लेफ्ट जॉइन' (डावीकडच्या टेबलातले सगळे रेकॉर्ड राखणारी जोडणी) घ्या. रिकाम्या जागी 'एनझेड' फंक्शनने शून्य भरा. १२ महिन्यांची अट महिन्यांच्या टेबलावरही लावा. यंत्राची अट मात्र आतल्या बेरजेच्या क्वेरीत घाला. बाहेर, जॉइनच्या उजव्या बाजूवर घातली तर शून्याचे महिने पुन्हा गायब होतात.

यंत्रनिहाय रेषा हव्या असतील आणि क्रॉसटॅब क्वेरी (प्रत्येक यंत्राचा वेगळा स्तंभ करणारी) वापरणार असाल, तर दोन गोष्टी सांभाळा. 'कॉलम हेडिंग्ज' प्रॉपर्टीत स्तंभांची नावं पक्की लिहा, नाहीतर एखादं यंत्र बंद असलेल्या काळात त्याचा स्तंभच नाहीसा होईल. आणि फॉर्मवरच्या कॉम्बो बॉक्समधून (निवडीच्या यादीतून) अट घेत असाल तर ती 'पॅरामीटर्स'मध्ये जाहीर करा. साधी क्वेरी जाहीर न करताही चालते, क्रॉसटॅब चालत नाही.

ॲक्सेस २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर नवे, 'मॉडर्न' चार्ट घ्या. 'रो सोर्स'ला ही क्वेरी, आडव्या अक्षावर महिना, उभ्या अक्षावर नग. कॉम्बो बॉक्सच्या 'आफ्टर अपडेट'मध्ये (निवड बदलल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) चार्टची 'रिक्वेरी' (माहिती पुन्हा वाचण्याची आज्ञा) एवढी एकच ओळ लिहायची. फॉर्मवर 'डीसम'सारखी (टेबलातून बेरीज काढणारी) फंक्शन्स ओळीओळीला लावली असतील तर तीही काढा, प्रत्येक फंक्शन स्वतंत्र क्वेरी चालवतं आणि तुमचा फॉर्म संथ उघडण्याचं ते एक कारण असू शकतं.

जुन्या टेबलातून माहिती हलवताना प्रत्येक महिन्याच्या फील्डसाठी एक अशा तुकड्यांची युनियन क्वेरी (तुकडे एकाखाली एक जोडणारी) करा आणि तिच्यावरून ॲपेंड क्वेरी (नव्या टेबलात रेकॉर्ड घालणारी) चालवा. जुन्या आकड्यांना रोजचा दिनांक आणि पाळी नाही, म्हणून त्यांना महिन्याची पहिली तारीख आणि पाळीच्या जागी 'एकत्रित' असं लिहा. पाळी रिकामी ठेवू नका, कारण युनिक इंडेक्स रिकाम्या किमतींची पुनरावृत्ती अडवत नाही. सुरू करण्याआधी फाइलची प्रत काढा, नंतर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा; त्याने टेबलाची आकडेवारी ताजी होते आणि क्वेरीचा मार्ग निवडताना ॲक्सेस तीच पाहतं. प्रत्येक यंत्राची महिनावार बेरीज जुन्या टेबलाशी जुळली की मगच जुनं टेबल काढा.