खुर्ची किती वेळा मिळेल, हे आधी विचार

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची पाच अभ्यासक्रमांची यादी मिळाली. यादी मेहनतीने केलेली आहे. प्रत्येक संस्थेपुढे शुल्क, वसतिगृह, नाट्यगृहांची संख्या, नामवंत माजी विद्यार्थी असे रकाने आखून शेवटी गुणांप्रमाणे क्रमही लावला आहे. रंगमंच व्यवस्थापनाकडे वळणारी माणसे तक्ते असेच करतात, त्यामुळे क्षेत्राची निवड चुकलेली नाही, एवढे मला पहिल्याच पानावर समजले. मात्र ज्या रकान्यावर मी जवळजवळ सगळा निर्णय सोपवला असता, तो या तक्त्यात नाही. अभ्यासक्रमाच्या तीन किंवा चार वर्षांत, किती नाटकांना संहितेसमोरच्या खुर्चीत तू स्वतः बसशील आणि पहिल्या क्यूपासून (प्रकाश किंवा ध्वनी बदलायला चालकाला दिलेल्या पहिल्या इशाऱ्यापासून) शेवटच्या क्यूपर्यंत प्रयोग चालवशील?

रंगभूमीचा इतिहास, प्रकाशयोजनेची तत्त्वे किंवा नेपथ्याचे आराखडे वाचणे या गोष्टी वर्गात शिकवता येतात. क्यू देणे वर्गात शिकवता येत नाही. एक उदाहरण घे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी आईचे काम करणारी नटी टेबलापाशी थांबते, दिव्याची कळ दाबते आणि अंधार होतो. संहितेच्या समासात ‘प्रकाश ४७, ध्वनी १२’ असे पेन्सिलने लिहिलेले आहे. अर्धे पान आधी हेडसेटवर स्टँडबाय, म्हणजे ‘तयार राहा’ असा इशारा, द्यायचा, दोन्ही चालकांचे उत्तर ऐकायचे आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचे. ‘गो’ हा शब्द नेहमी वाक्याच्या शेवटी येतो, कारण तो कानावर पडताच चालकाचे बोट खाली जाते. तो नटीचा हात कळीवर पोचण्याच्या किंचित आधी सुटावा लागतो. शब्द तोंडातून निघणे, चालकाने तो ऐकणे, बटण दाबले जाणे आणि दिवा प्रत्यक्ष मंदावणे, यांत थोडा थोडा वेळ जातोच. लवकर सुटला तर दिवा आपणहून विझल्यासारखा दिसतो, उशिरा सुटला तर कळ दाबूनही तो जळत राहतो आणि गंभीर प्रसंगात प्रेक्षक हसतात. शिवाय ती नटी रोज सारखीच थांबत नाही. आठ-दहा प्रयोग झाले की तिच्या हाताकडे न पाहता खांद्याकडे पाहायची सवय लागते, कारण हात हलण्याआधी खांदा हलतो. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही आणि कोणी शिकवलीही नाही. खुर्चीत बसून बसून ती अंगवळणी पडली.

मी ज्या अभ्यासक्रमात शिकले, तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला तालमीच्या खोलीत जमिनीवर टेपने नेपथ्याचा आराखडा आखणे, प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, टेबलावर प्रत्येक वस्तूसाठी चौकोन काढून त्यात नाव लिहिणे आणि नटांना वेळेच्या सूचना देणे एवढेच येत असे. खुर्ची पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी राखलेली होती. त्या कामांना मी कमी लेखत नाही. आराखडा चार इंच चुकला की रंगमंचावर गेल्यावर नट दाराला धडकतो. पण पदवी हाती आली तेव्हा मी पूर्ण लांबीच्या एकाच नाटकाला क्यू दिले होते, तेही तीन प्रयोग. पहिल्याच नोकरीत एका रात्री नटाने दीड पान गाळले आणि त्या पानावर माझे तीन क्यू होते. पुढच्या संवादाला अर्थ यावा म्हणून त्यांतला कोणता द्यायलाच हवा, हे क्षणार्धात ठरवायचे असते. मी गोठून बसले. फोन वाजला नाही, आणि त्या बिचाऱ्या नटाने न वाजलेला फोन उचलून सगळा प्रसंग रेटून नेला. नंतर कोणी मला रागावले नाही, याचेच जास्त वाईट वाटले.

म्हणून एकाच विभागात पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही वर्ग असतील, तर मोठ्या नाट्यगृहातल्या गेल्या दोन वर्षांच्या नाटकांची यादी माग आणि प्रत्येकाच्या खुर्चीत कोणत्या वर्षाचा विद्यार्थी होता, ते विचार. ‘सर्वांना संधी मिळते’ हे उत्तर चालणार नाही. नाटकांची नावे आणि आकडे हवेत. येल, कोलंबिया किंवा कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखा इथे रंगमंच व्यवस्थापन हा पदव्युत्तर पदवीचा विषय आहे, आणि तुझ्या यादीत त्यांपैकी एकाचे नाव दिसले. माझे मत विचारशील तर ते नाव आत्ता बाजूला ठेव. काही वर्षे पोटापाण्यासाठी हे काम केलेल्या माणसाला तिथे नेमके काय शिकायचे आहे ते ठाऊक असते. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्याला ते ठाऊक नसते.

आता अभ्यासक्रमांच्या नावांबद्दल, कारण तुझ्या तक्त्यात तिथे थोडा गोंधळ दिसतो. आज कार्नेगी मेलन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९१४ मध्ये नाट्यकलेची पदवी सुरू केली आणि अमेरिकेतली ती तशी पहिली पदवी होती. पुढे अमेरिकेत दोन वाटा रुळल्या आहेत. एका पदवीत इतर विषयांना भरपूर जागा असते, तर दुसरीत बहुतेक सगळा वेळ रंगभूमीसाठी जातो. लंडनची राडा किंवा सिडनीची निडा या नाट्यशिक्षण संस्थांच्या पदवीच्या नावातच तांत्रिक रंगभूमी आणि रंगमंच व्यवस्थापन ही जोडी आहे, म्हणजे प्रकाश, ध्वनी, नेपथ्यउभारणी या शेजारच्या कामांची तोंडओळख तिथे गृहीत धरलेली असते. कोणती वाट चांगली, यावर मी जुन्या सहकाऱ्यांशी पुष्कळ वाद घातले आहेत. ज्याला अजून खात्री नाही त्याने पहिली वाट धरावी, असे मला वाटते, आणि तुझ्या पत्रात खात्रीचा शब्द तीनदा आला असला तरी तो तीनदा लिहावा लागला, हेही माझ्या नजरेतून सुटले नाही.

देश बदलला की कामाची वाटणीही बदलते आणि अभ्यासक्रम त्या वाटणीप्रमाणे घडवलेला असतो. ब्रिटिश पद्धतीत तालमीत संहितेवर बसणारी आणि प्रयोगात क्यू देणारी व्यक्ती म्हणजे डेप्युटी स्टेज मॅनेजर. तिच्या वरचा स्टेज मॅनेजर माणसे, वस्तू आणि वेळापत्रक सांभाळतो. अमेरिकेत ही दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे येतात. ब्रिटनमध्ये ‘हाफ’ची, म्हणजे अर्धा तास उरल्याची, सूचना पडदा उघडण्याआधी ३५ मिनिटे दिली जाते, कारण नटांनी पडद्याच्या ५ मिनिटे आधी आपापल्या जागी उभे राहायचे असते आणि अर्धा तास त्या क्षणापासून मागे मोजलेला असतो, अमेरिकेत तीच सूचना सरळ ३० मिनिटे आधी होते. पाच मिनिटांचा हा फरक वाचताना गमतीचा वाटतो, पण जिथे पुढे काम करायचे आहे तिथली पद्धत हाताशी असलेली बरी.

शक्य असेल तर प्रवेशाआधी प्रत्येक ठिकाणी एकदा जा, आणि सजवलेल्या भेटीच्या दिवशी न जाता तांत्रिक तालमीच्या, म्हणजे प्रकाश, ध्वनी आणि नेपथ्यासह क्यू बसवण्याच्या तालमीच्या, दिवशी जा. मागच्या रांगेत बसून घेण्याची परवानगी माग. तिथे यंत्रसामग्री पाहू नकोस. दिग्दर्शकाने विद्यार्थी-व्यवस्थापकाकडे न पाहता थेट प्रकाशचालकाला हाक मारली, तर शिक्षक काय करतात ते पाहा. चांगला शिक्षक तिथल्या तिथे, आवाज न चढवता, ती सूचना विद्यार्थ्याच्या तोंडूनच जाईल अशी व्यवस्था करतो. वाईट शिक्षक हेडसेट स्वतःच्या कानाला लावतो. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की संस्थेची पारख करायला मला ते एकटे पुरते.

दुसरी गोष्ट, मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचे प्रॉम्प्ट बुक, म्हणजे हालचाली आणि क्यू नोंदवलेली संहिता, पाहायला माग. ते नीटनेटके आहे की नाही, रंगीत खुणा किती सुंदर आहेत, याला फारसे महत्त्व नाही. एखादे पान उघड आणि स्वतःला विचार, हा विद्यार्थी आज तापाने आडवा झाला तर हे पुस्तक समोर ठेवून दुसऱ्या कोणाला आजचा प्रयोग चालवता येईल का? नट कुठून आला, कोणत्या शब्दावर उठला, कप कोणत्या हातात होता, क्यू शब्दावर आहे की हालचालीवर, हे सगळे त्या पानावरून कळले पाहिजे. मग समासात शिक्षकाच्या हाताचे काही लिहिलेले आहे का, ते शोध. ‘हा क्यू दोन शब्द आधी का नाही?’ असा एक प्रश्न जरी लिहिलेला सापडला, तरी त्या पुस्तकाकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिले आहे हे कळते. पुष्कळ ठिकाणी प्रॉम्प्ट बुक गुणांसाठी जमा होते आणि कपाटात जाते. मिळाला तर तालमीचा एखादा अहवालही वाच. ‘खुर्चीचा मागचा पाय हलतो, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त हवा’ असे लिहायला शिकवतात, की ‘नेपथ्य विभागाने पुन्हा दुर्लक्ष केले’ असे लिहू देतात, एवढ्यावरून तिथली हवा कळते.

यंत्रांबद्दल थोडक्यात सांगते. क्यूलॅबसारखी ध्वनीची प्रणाली जिज्ञासू माणूस काही आठवड्यांत कामापुरती शिकतो, तिच्यासाठी संस्था निवडू नये. क्यू लाइट, म्हणजे इशाऱ्याचे छोटे दिवे, आणि चालू स्थितीतले हेडसेट असले की पुरे. त्याऐवजी तिथे संगीतिका आणि नृत्याचे प्रयोग होतात का, हे विचार, कारण संगीतिकेत क्यू शब्दांवर न लिहिता स्वरलिपीतल्या मात्रांवर लिहितात, आणि ज्याला स्वरलिपी वाचता येते त्याला काम मिळण्याची दारे एकदम वाढतात. हा विषय अभ्यासक्रमात नसेल तर बाहेरून शिकायची तयारी ठेव.

विद्यार्थ्यांशी बोलशील तेव्हा शिक्षक जवळ नसावेत. झोपेबद्दल विचार. व्यावसायिक अमेरिकी नाट्यगृहांत तांत्रिक तालमीचा दिवस बारा तासांचा आणि त्यांतले दहा तास कामाचे, अशी जुनी रीत आहे, आणि आता तिथलीच अनेक माणसे तिच्याविरुद्ध बोलू लागली आहेत. विद्यार्थ्यांना मात्र असे दिवस भरून दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या वर्गालाही हजर राहावे लागत असेल, तर शिडीखाली उभ्या असलेल्या कोणाच्या तरी डोक्यावर त्या थकव्याचा परिणाम एक दिवस पडतो. सुरक्षेची जबाबदारी खुर्चीतल्या माणसावर असते. ती पेलायला तो जागा असला पाहिजे.

पैशाबद्दल तू संकोचाने एकच ओळ लिहिली आहेस, पण ती यादीतल्या गुणांपेक्षा महत्त्वाची आहे. या कामाला पदवीचा परवाना लागत नाही. मला नेमणाऱ्यांपैकी कोणीही माझे प्रमाणपत्र पाहायला मागितले नाही, आधी कोणाबरोबर काम केले एवढेच विचारले. सुरुवातीची वर्षे नाटकागणिक करारावर जातात आणि दोन करारांमध्ये रिकामे महिने येतात. त्या महिन्यांतही हप्ता भरावा लागेल इतके कर्ज डोक्यावर घेऊन प्रसिद्ध नाव मिळवण्यापेक्षा, कमी प्रसिद्ध ठिकाणी कमी खर्चात पाच-सहा नाटके चालवायला मिळत असतील तर मी तिथे जाईन.

तुझ्या यादीतल्या दुसऱ्या आणि चौथ्या संस्थेला आधी पत्र पाठव. तांत्रिक तालमींच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेल्या असतात, तेव्हा त्या विचारून घे आणि भेटीचा दिवस त्यांच्याशी जुळवून माग. परत आल्यावर तक्त्यात तो नवा रकाना भर, प्रॉम्प्ट बुकाच्या ज्या पानापाशी अडखळायला झाले त्याचे वर्णन लिही आणि दोन्ही मला पाठव.