न अडखळता वाचणारी, पण अर्थाशी अडणारी मुले

प्रश्न : मी पाचवीच्या वर्गाला भाषा शिकवते. बरीचशी मुले धडा मोठ्याने, न अडखळता वाचतात. परंतु ‘यात काय सांगितले आहे?’ असे विचारले की गप्प बसतात किंवा धड्यातलेच एखादे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतात. प्रत्येक धड्यातले वीस कठीण शब्द मी अर्थांसह वहीत उतरवून घेते आणि ‘वाक्यात उपयोग करा’ हा स्वाध्यायही देते. तरीही फरक पडत नाही. कोठे चुकते आहे?

उत्तर : आधी एक सोपी चाचणी घ्या. तेवढ्याच काठिण्याचा दुसरा उतारा या वेळी तुम्ही वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. ऐकून मुलांना नीट सांगता आले, तर वाचन कानाला सफाईदार वाटत असले तरी त्यांचे सारे लक्ष अक्षरांवरच खर्च होत आहे, असे समजावे. ऐकूनही सांगता आले नाही, तर अडचण शब्दांची आणि विषयाच्या माहितीची आहे. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचन-आकलनाचे जे सूत्र मांडले, त्यात अक्षरांची उकल आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे, बेरीज नाही. म्हणजे एक बाजू शून्यावर असेल तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग होत नाही. पहिली-दुसरीचे धडे मुलांच्या बोलण्यातल्या शब्दांत लिहिलेले असतात, म्हणून तिथे ही उणीव झाकली जाते. चौथी-पाचवीत पुस्तकी भाषा सुरू झाली की ती उघडी पडते.

वीस शब्दांची यादी मात्र बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हस्तगत करणे म्हणजे मिळवणे’ एवढेच वहीत लिहिलेला मुलगा ‘मी परीक्षेत चांगले गुण हस्तगत केले’ असे वाक्य करतो, आणि त्याला दिलेला अर्थ पाहता त्याचे काहीच चुकलेले नसते. त्याऐवजी आठवड्याला पाच-सहाच शब्द घ्या. अर्थ बोलीभाषेत सांगा आणि मग विचारा : किल्ला हस्तगत करता येतो का? शत्रूची कागदपत्रे? झोप? मैत्री? मुलांना वाद घालू द्या, कारण शब्दाची हद्द त्या वादातूनच कळते. तोच शब्द पुढच्या आठवड्यात तुमच्या बोलण्यात आणि मुलांच्या लेखनात पुन्हा आला पाहिजे.

शब्द निवडताना ‘बाष्पीभवन’सारख्या पारिभाषिक संज्ञा त्या-त्या विषयाच्या तासाला सोडाव्यात आणि सगळ्याच विषयांत भेटणारे ‘अपवाद’, ‘संभाव्य’, ‘तुलनेने’ असे शब्द आधी घ्यावेत. ‘तथापि’, ‘अन्यथा’, ‘परिणामी’ हे शब्द कठीण शब्दांच्या यादीत मला क्वचितच दिसतात. वास्तविक अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ पुष्कळदा त्यांच्यावरच तोललेला असतो.

शब्दाची फोड करण्याची सवयही लावावी, पण ती जपून. ‘निर्जन’, ‘निर्जल’ असे शब्द फोडून सहज कळतात. त्याच न्यायाने ‘अमूल्य’ फोडणारे मूल ‘ज्याला काही किंमत नाही ते’ असा अर्थ काढते आणि ‘अमूल्य ठेवा’ वाचताना गोंधळून जाते. आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार या एकाच धातूपासून झालेल्या शब्दांचे अर्थ उपसर्गांनी किती दूर नेले आहेत, ते फळ्यावर लिहून दाखवा. फोड करून अर्थाचा अंदाज बांधावा आणि तो त्या वाक्यात बसतो की नाही हे पाहूनच पक्का करावा, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडायला हवा.

आता ‘यात काय सांगितले आहे?’ या तुमच्या प्रश्नाविषयी. धडा संपल्यावर तो विचारणे उशिराचे ठरते. परिच्छेदागणिक थांबा, एका मुलाने दोन वाक्यांत सार सांगावे, दुसऱ्याने न कळलेली जागा दाखवावी, तिसऱ्याने पुढे काय येईल याचा अंदाज करावा. पहिले काही दिवस हे सारे तुम्ही स्वतः, मोठ्याने विचार करत, करून दाखवावे लागेल.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा केवळ डायनोसॉरवरची पुस्तके वाचतो. त्याला गोष्टींकडे वळवावे का?

उत्तर : सक्तीने वळवू नये. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आवडीच्या विषयात तुमचा मुलगा आपल्या इयत्तेपुढचा मजकूरही पेलत असेल. तिथून जीवाश्म, खडक, हवामान अशी शेजारची पुस्तके त्याच्या हाताशी ठेवा, आणि गोष्टी रात्री तुम्हीच वाचून दाखवा. दहाव्या वर्षी मुले त्याला नाही म्हणत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.