वाळवंटातलं धरण आणि मुलुंडच्या आजी

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला असतो. जूनच्या अखेरीस आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो, जुलैत लेक पॉवेलला हाऊसबोट घेऊ, चार दिवस पाण्यावरच राहू. ह्यांना पोहता येत नाही, माझे गुडघे कुरकुरतात, नातू सहा वर्षांचा. वाळवंटात एवढं पाणी आलं कुठून आणि तिथे जाऊन करायचं काय? जावं का? आणि ह्यांना साधी कापडी टोपी चालेल ना?
– एक आजी, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, जा. पण हाऊसबोट नको, आणि जुलै तर मुळीच नको.

हाऊसबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अलेप्पी येते. सुकाणूवर एक माणूस, स्वयंपाकघरात एक, दुपारी तळलेला मासा पुढ्यात. तिकडे बोट कशी चालवायची ते समजावतात आणि किल्ली हातात ठेवतात. पुढचं सगळं आपलं आपण. संध्याकाळी बोटीचं नाक किनाऱ्याच्या वाळूत घुसवायचं, फावड्याने खड्डे खणून नांगर पुरायचे, रात्री वारा सुटला की उठून दोर तपासायचे. तुमच्या घरात हे करणारा माणूस एकच, आणि सुट्टी त्याचीही आहे. शिवाय जनरेटर चालू असताना बोटीच्या मागच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. मागच्या शिडीपाशी पोहणारी माणसं त्याने दगावलेली आहेत. दहा-बारा तरण्या मित्रांचा तो खेळ आहे, त्यांनी खुशाल खेळावा.

आता पाणी. आपण जुलैत पेपर उघडला की आधी सात तलावांचा तक्ता बघतो, तानसा किती, भातसा किती. तिकडचा हिशेब पावसाचा नाही, बर्फाचा. रॉकी पर्वतातलं बर्फ उन्हाळ्याच्या तोंडाला वितळतं, कोलोरॅडो नदीतून खाली येतं आणि ग्लेन कॅन्यन धरणाला अडतं. तोच हा लेक पॉवेल. त्यामुळे पातळी साधारण जूनअखेर-जुलैत सर्वात वर असते. 1963 च्या मार्चमध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला तो 1980 च्या जूनमध्ये. सतरा वर्षं! पूर्ण भरला तर आपल्या कोयनेचे दहा शिवसागर मावतील एवढं पाणी. लांबी सुमारे 300 किलोमीटर, पण रुंदीला अगदी चिंचोळा, प्रत्येक घळीत शिरलेला.

भरला तर, असं म्हटलं, कारण 2000 पासून दुष्काळ आणि उपसा यांनी तो उतरतच गेला. 2023 च्या फेब्रुवारीत पातळी तोवरच्या तळाला टेकली होती. लाल कड्यांवर पाण्याने सोडलेला पांढरा पट्टा दिसतो, क्षारांचा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरातल्या बादलीला जशी रेघ धरते ना, तशीच, फक्त दहा मजली इमारतीएवढी उंच. पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या सहलीच्या गटातल्या एका बाईंनी विचारलं होतं, ‘हे घासत का नाहीत?’

तुमच्या गुडघ्यांचा याच्याशी थेट संबंध आहे. पाणी जितकं खाली, तितका गाडीतळापासून धक्क्यापर्यंतचा उतार लांब आणि तीव्र. काही उतार बंदच होतात. म्हणून बुकिंगच्या आधी मुलाला नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साईटवर पातळी आणि चालू धक्के बघायला सांगा. रेनबो ब्रिज नावाची दगडाची नैसर्गिक कमान आहे, 290 फूट. तीन गेटवे ऑफ इंडिया एकावर एक ठेवले तरी ती वर उरेल. तिथल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांसाठी ती पवित्र जागा, तिच्याखालून चालत जायचं नाही. पण तिथेही पाणी उतरलं की बोटीतून उतरल्यावरची चाल वाढते. बोट जाते का आणि किती चालायचं, ही चौकशी आधी करा. मी तुमच्या जागी असते तर वाहवीप मरीनावरून, म्हणजे तिथल्या बोटींच्या धक्क्यावरून, दोन-एक तासांची साधी बोटफेरी घेतली असती. ह्यांना आणि नातवाला लाइफजॅकेट घालून बसवा, बोटीवर लहान मुलांना ते सक्तीचंच आहे. काठावर पाय भिजवतानाही काढू नका. तळ पटकन खोल जातो आणि जीवरक्षक कोणी नसतो.

जुलै का नको? पारा 38 च्या वर, आणि हवा इतकी कोरडी की घाम येतो ते कळतच नाही, येताक्षणी वाळतो. आपण मुंबईकर घामावरून तहान ओळखणारे, तिथे फसतो. मी धरणाजवळच्या पेज नावाच्या गावी लॉजच्या खिडकीत पिळलेला पंचा टाकला, चहा होईपर्यंत पापडासारखा कडक. कोकमाचं आगळ आणि मीठ बरोबर न्या. जुलैच्या मध्यापासून तिकडेही मान्सून म्हणतात, ढगफुटीसारखा पाऊस. दूर कुठे पडला तरी लोंढा घळीत येतो. 1997 च्या ऑगस्टमध्ये पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत असाच लोंढा आला, 11 पर्यटक गेले.

तेव्हा सप्टेंबर धरा. पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते, ती गर्दी ओसरू द्या. त्यानंतर पाणी अजून कोमट असतं, ऊन सोसवतं. नातवाची एखाद्या दिवसाची शाळा बुडेल, बुडू दे. फिनिक्सहून पेज साडेचार तास. वाटेत फ्लॅगस्टाफला पाइनच्या झाडांच्या गारव्यात दशम्या खाऊन घ्या. मुक्काम दोन रात्री पेजला. हे गाव 1957 मध्ये धरणाच्या कामगारांसाठीच वसवलं. धरणाशेजारच्या कार्ल हेडन पर्यटक केंद्रात एसीत बसून 710 फुटांची भिंत निवांत बघता येते.

अँटिलोप कॅन्यनला नावाहो वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. लोअरला उभ्या लोखंडी शिड्या आहेत, ती तुम्ही विसरा. अप्परला तळ सपाट, पण परतीच्या वाटेवर जिने किती ते विचारून घ्या. आणि वेळ सांभाळा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही, शेजारचा यूटा करतो, नावाहो प्रदेशही करतो. फोन कधी याचा टॉवर पकडतो, कधी त्याचा. माझा पूर्ण गट, 31 माणसं, एक तास आधी पोहोचून उन्हात बसला होता, आणि दोष अर्थात टूर मॅनेजरचा. सहली ॲरिझोनाच्या वेळेवर निघतात. ह्यांच्या मनगटावरचं साधं घड्याळ फिनिक्सच्या वेळेला लावा आणि तेच माना.

टोपी कापडी चालेल, पण हनुवटीखाली बांधायची नाडी असलेली घ्या. माझी पेजजवळ हॉर्सशू बेंड नावाच्या नदीच्या वळणावर, कड्यावरून उडाली. खाली हजार फूट, थेट कोलोरॅडोत. चांगली होती हो, दादरला घेतलेली.