घरात चोर शिरला, तर बंदूक कधी चालवायची?

प्रश्न : आमचं घर शेतात, वस्तीपासून लांब आहे. वडिलांकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. रात्री कुणी कडी तोडून आत आलं, तर त्याच्यावर गोळी झाडता येते का?

उत्तर : येते, पण बचावाला खरोखर गरज असेल तेव्हाच आणि तेवढीच. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. कलम ४१ नुसार जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी किंवा राहत्या घराला लावलेली आग रोखताना समोरच्याचा जीव गेला, तरी तो गुन्हा ठरत नाही. एवढंच वाचून अनेकजण निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. कलम ३७ दोन अटी घालतं : पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. शिवाय कलम ४३ प्रमाणे रात्रीच्या घरफोडीत हा हक्क चोर घरात असेपर्यंतच. तो कुंपण ओलांडून पळत असताना पाठीत छर्रे लागले, तर शवविच्छेदनात ते दिसतातच, मग स्वसंरक्षण सांगणं फार अवघड जातं. आणि सांगायचं तुम्हालाच असतं, कारण साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ ने ती जबाबदारी आरोपीवर टाकली आहे.

म्हणून बंदूक घेऊन अंधारात चोर शोधायला बाहेर पडू नका. घरच्या सगळ्यांना एका खोलीत घ्या, आतून कडी लावा, ११२ ला फोन करून पत्ता आणि जवळची खूण सांगा. मग मोठ्याने ओरडून सांगा की पोलीस येताहेत आणि आमच्याकडे बंदूक आहे. बहुतेक चोर माणसं जागी झाली की पळतात. वडिलांनी भिंतीच्या आडोशाने, नळी दाराकडे ठेवून थांबावं, बोट चापाबाहेर. दार फुटलंच, तर आधी टॉर्चच्या उजेडात चेहरा आणि हात पाहावेत. उशिरा घरी आलेला मुलगा किंवा पाणी द्यायला उठलेला गडी चोर समजून मारला जाणं ही यातली सगळ्यात वाईट चूक आहे आणि ती उजेड नसल्यामुळेच होते.

परवाना वडिलांचा आहे, तेव्हा कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच हवी. बंदूक रिकामी करून कुलूपबंद ठेवावी, काडतुसं वेगळ्या कुलपात. मग ऐन वेळी उशीर होईल, हे खरं. तो वेळ मजबूत दार, आतली आडणी, अंगणातला दिवा आणि कुत्रं मिळवून देतात. खर्च आधी त्यावर करा.

प्रश्न : धाक म्हणून हवेत बार काढावा का? आणि छर्रे पसरतात, म्हणजे नेम धरायची गरज नाही ना?

उत्तर : दोन्हींना नाही. दुनळीत दोनच काडतुसं असतात, त्यातलं एक वाया जातं. घरात वर झाडलं तर छर्रे स्लॅबला आपटून उलटतात. बंद खोलीतल्या बाराने कान बधिर होतात, मग पुढची चाहूलही लागत नाही.

छर्‍यांचा पसारा ढोबळमानाने दर मीटरला अडीच सेंटिमीटर धरा. चार-पाच मीटरच्या खोलीत तो जेमतेम तळहाताएवढा भरतो, त्यामुळे नेम हवाच. मोठे छर्रे पत्रा आणि प्लायवूड सहज फोडून पलीकडे जातात, म्हणून चोराच्या मागे कोण झोपलंय, हे आधीच माहीत हवं.

बार झाल्यावर बंदूक उघडून खाली ठेवा. जखमीसाठी १०८ ला फोन करा, जमलं तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा. रिकामी काडतुसं लपवू किंवा फेकू नका, रक्त पुसू नका, तुटलेली कडी बसवू नका. घरफोडी झाली हे ती कडीच दाखवते. पोलीस आले की हात मोकळे दिसू द्या, घडलं तेवढंच सांगा आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाला बोलवा.