ऑटिझम असलेल्या मुलाला औषध सुरू असताना व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी जग) प्रशिक्षण देता येतं का?

देता येतं, पण दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. मूल चिडचिडं झालं तर कारण गोळी की हेडसेट, हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी डोस स्थिरावू द्या, साधारण ३-४ आठवडे, मग व्हीआर.

औषधाकडून अपेक्षा नेमकी ठेवा. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल तीव्र चिडचिड, मारणं, स्वतःला इजा करणं यासाठी आहेत; बोलणं किंवा मिसळणं ती शिकवत नाहीत. मूल थोडं शांत बसलं की शिकवायला जागा मिळते, व्हीआरचा उपयोग तिथे.

रिस्पेरिडोनने झोप येत असेल तर त्या वेळी सत्र नको. वेळ बदलून बघा, डोस मात्र स्वतः बदलू नका. अरिपिप्राझोलने काही मुलांना एका जागी बसवतच नाही, सतत पाय हलतात. त्याला हट्ट समजू नका, डॉक्टरांना सांगा.

पहिले काही दिवस हेडसेट बंदच ठेवा: हातात, मग कपाळाशी, मग १० सेकंद डोळ्यांवर. पट्टा डोक्याला टोचतो म्हणून कितीतरी मुलं नकार देतात. नंतर ५ मिनिटांचं एकच दृश्य, उदाहरणार्थ रस्ता ओलांडणं, बसून. चेहरा पांढरा पडला, घाम आला की लगेच काढा. फिट येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरुवातच नको. हेडसेटची वयोमर्यादाही तपासा.

आणि त्याच दिवशी खऱ्या रस्त्यावर हात धरून तोच सराव करा. नाहीतर शिकलेलं हेडसेटमध्येच राहतं.